नववर्षाची स्पेशल प्रॅक्टिस जरूर करा, पण ती 'ग्रँड फिनाले' काढून टाका

डिसेंबरचा तिसरा आठवडा. सिल्व्हर पार्कच्या माझ्या दवाखान्यात एक नेहमीचे पेशंट बीपी तपासायला आले. वय ५२, नोकरी चर्चगेटला. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी चालण्याऐवजी पोहणं धरलं आणि ते टिकवलं. बीपी छान आलं. उठता उठता त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "डॉक्टर, त्या दिवशी सकाळी गोळी घेऊन पाण्यात उतरू की बाहेर आल्यावर घेऊ?"

मोबाईलवर एक रंगीत पोस्टर होतं. सांताची लाल टोपी घातलेला मासा, आणि खाली, 'नववर्ष स्पेशल स्विम प्रॅक्टिस, फक्त मोठ्यांसाठी, १ जानेवारी, सकाळी ७'. नाताळच्या बारा दिवसांवरचं जे इंग्रजी गाणं आहे, त्यावरून बारा फेऱ्या आखलेल्या. पहिल्या फेरीत १ लेंथ, दुसरीत २, असं करत बाराव्या फेरीत १२. त्याखाली लाल अक्षरांत, 'ग्रँड फिनाले: एका श्वासात पाण्याखालून जास्तीत जास्त लेंथ. विजेत्याला केक!' आणि अगदी तळाला, 'रात्रीची पार्टी पाण्यात उतरवू!'

गोळीबद्दल मी त्यांना काय सांगितलं ते शेवटी लिहितो. पण गोळीची काळजी करणाऱ्या या सावध माणसाला त्या लाल अक्षरांतल्या ओळीत काहीच वावगं दिसलं नव्हतं. हा लेख त्या ओळीवर आहे. तुमच्या ग्रुपवरही असं पोस्टर आलं असेल तर वाचाच.

आधी एक स्पष्ट करतो. डॉक्टर म्हणजे प्रत्येक मजेवर विरजण घालणारा माणूस, असा तुमचा समज असेल तर या प्रॅक्टिसच्या बाबतीत तो चुकीचा आहे. मला ती कल्पना मनापासून आवडली. आपल्याकडे तिशी-पस्तिशी ओलांडली की पोहणं हा मुलांचा विषय होतो. आईबाप तलावाच्या कडेला टॉवेल धरून बसतात. मीरा रोडहून गाडी पकडून रोज दोन-तीन तास प्रवासात घालवणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोनदा तलाव गाठता आला तरी खूप. मग सुट्टीच्या दिवशी दहा-पंधरा मोठी माणसं एकत्र येऊन, टोप्या घालून, गाण्याच्या हिशेबाने लेंथ मोजत पोहणार असतील तर याहून चांगलं नववर्ष कुठलं? आकड्यांचा खेळ असला की माणूस नेहमीपेक्षा जास्त पोहतो आणि ते जाणवतही नाही. एक ते बारा यांची बेरीज ७८. सोसायटीचा तलाव २० मीटरचा धरला तर झाले १५६० मीटर. एरवी 'आज दीड किलोमीटर पोहा' म्हटलं तर निम्मे लोक येणारच नाहीत.

आणि नाताळच का, असं कुणी म्हणत असेल तर उत्तन-डोंगरीच्या लोकांना विचारा, आपल्या शहरात हा सण किती जुना आहे ते. गणपतीत २१ मोदकांच्या २१ लेंथ करा, नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या टोप्या घाला. माझी हरकत सणाला नाही, पोहण्यालाही नाही. हरकत फक्त श्वास रोखण्याच्या शर्यतीला आहे, आणि ती थोडीथोडकी नाही. ती ओळ पोस्टरवर राहणार असेल तर माझ्या पेशंटनी त्या प्रॅक्टिसला जाऊ नये, असं मी सांगतो.

का ते समजावून घ्या.

आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ती तडफड मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. मेंदूची घंटा वाजते ती कार्बन डायऑक्साइडवर. ऑक्सिजन घसरत असताना शरीर जवळजवळ गप्प असतं.

आता शर्यतीआधी लोक काय करतात ते आठवा. भिंतीला टेकून दहा-पंधरा वेळा जोरजोरात खोल श्वास घेतात आणि सोडतात. 'फुप्फुसं भरून घेतोय' असं त्यांना वाटतं. पण निरोगी माणसाच्या रक्तात हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन आधीच ९७-९८ टक्के भरलेला असतो. तिथे आणखी भरायला जागाच नाही. त्या जोरजोरात श्वासांनी एकच गोष्ट होते, कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो. म्हणजे तुम्ही टाकी भरलेली नाही, घंटेची वायर कापली आहे.

मग पाण्याखाली हातपाय मारताना स्नायू ऑक्सिजन भराभर वापरतात. कार्बन डायऑक्साइड मुळातच खाली नेलेला असल्याने धोक्याच्या पातळीपर्यंत यायला वेळ लागतो. त्याआधीच ऑक्सिजन इतका घसरतो की मेंदू बंद पडतो. दिवा घालवावा तसा. धाप नाही, घाबरणं नाही, हात वर करून ओरडणं नाही. यातून वाचलेले लोक बहुतेकदा सांगतात की आपल्याला काही त्रासच होत नव्हता, उलट आज जमतंय असं वाटत होतं. शुद्ध गेल्यावर काही क्षणांत शरीर आपोआप श्वास घेतं आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असतं.

ही माहिती नवीन नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे डॉ. अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्ये पाण्याखाली पोहताना शुद्ध का जाते याची हीच कारणमीमांसा मांडली आणि १९७६ मध्ये अशा ५८ घटनांचा आढावा प्रसिद्ध केला. अमेरिकन रेड क्रॉससारख्या संस्था आज यावर स्पष्ट इशारे देतात. साठ वर्षांहून जुनं ज्ञान आपल्या तलावांवर पोहोचलेलं नाही आणि केकचं पोस्टर मात्र एका रात्रीत पोहोचतं.

"पण आमचा तलाव तर चार फुटांचा आहे, उभं राहिलं की डोकं बाहेर!" हे मला हमखास ऐकायला मिळतं. उभं राहायला शुद्ध लागते हो. शुद्ध गेलेल्या माणसाला चार फूट आणि चाळीस फूट सारखेच.

"आम्ही पट्टीचे पोहणारे आहोत." हे तर आणखी वाईट. नवशिक्या घाबरून दहाव्या मीटरला डोकं वर काढतो आणि वाचतो. तडफड सोसायची सवय झालेला, जिद्दी आणि जिंकायला आलेला माणूसच यात सापडतो. २०१५ च्या नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, फ्लोरिडातल्या एका तलावात अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजच्या जलतरण संघातला २१ वर्षांचा खेळाडू असाच गेला. सुट्टीसाठी घरच्यांबरोबर आला होता. नेहमीचा भरपूर सराव झाल्यावर त्याने पाण्याखालून सलग काही लेंथ करायचा प्रयत्न केला होता. त्याच्याइतकं पोहणं आपल्यापैकी कुणालाच येत नाही.

स्पर्धात्मक जलतरणानेही हा मोह केव्हाच आवरता घेतला. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पाण्याखाली पोहण्याची स्वतंत्र शर्यत होती, अंतराचे आणि सेकंदांचे गुण मोजले जायचे. ती शर्यत पुन्हा कधी झाली नाही. आज फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये सुरुवातीनंतर आणि वळणानंतर १५ मीटरपर्यंत डोकं पाण्याबाहेर यावंच लागतं, नाहीतर खेळाडू बाद. जगातल्या सर्वोत्तम जलतरणपटूंना १५ मीटरचं बंधन, आणि सोसायटीतल्या पन्नाशीच्या मंडळींना 'जास्तीत जास्त लेंथ'!

आता प्रशिक्षकांच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो थोडा वजनदार आहे. "सर, यानं दमसास वाढतो. परदेशात याला हायपॉक्सिक ट्रेनिंग म्हणतात." हे नाव लोकप्रिय केलं ते जेम्स काउन्सिलमन यांनी, मार्क स्पिट्झचे इंडियाना विद्यापीठातले प्रशिक्षक. १९७० च्या दशकात त्यांनी दर दुसऱ्या हाताऐवजी चौथ्या, सहाव्या हाताला श्वास घेण्याचा सराव मांडला. पुढे शरीरक्रियातज्ज्ञांनी मोजमाप केलं तेव्हा असं दिसलं की त्या सरावात ऑक्सिजन म्हणावा तसा घसरतच नाही, वाढतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे नावच फसवं निघालं. शिवाय पृष्ठभागावर पोहताना श्वासाची लय बदलणं वेगळं आणि पाण्याखालून एका दमात शर्यत लावणं वेगळं. पहिल्यात गरज पडली तर तोंड वळवलं की हवा आहे. दुसऱ्यात तोंड वर काढणं म्हणजे हरणं. माणूस हरायचं नाही म्हणून वर येत नाही, सगळा घोळ तिथे आहे.

हेच काउन्सिलमन १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून गेले. सुमारे ३३ किलोमीटर. मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांनी त्यांचं नाव घ्यायचंच असेल तर या पोहण्यासाठी घ्यावं.

दमसास वाढवायचा असेल तर त्याचे कंटाळवाणे पण खरे उपाय आहेत. नियमित पोहणं, मधे थोडी विश्रांती ठेवून ५०-५० मीटरचे तुकडे, पाण्यात श्वास पूर्ण सोडायची सवय. बहुतेक मोठ्या माणसांची धाप दम कमी म्हणून नसते. ते पाण्यात श्वास सोडतच नाहीत, मग डोकं वर काढलं की आत घ्यायला वेळ उरत नाही. श्वास धरून ठेवण्याची सवय मोडणं हा त्यांचा खरा अभ्यास, आणि आपण बक्षीस देतो ते नेमकं उलट गोष्टीला.

गावाकडे वाढलेले वाचक म्हणतील, आम्ही विहिरीत मुटके मारले, बुडी मारून तळाचा दगड आणला, कोण जास्त वेळ खाली राहतो यावर पैजा लावल्या, काही झालं नाही. मीही लावल्या आहेत. आमच्या मे महिन्याच्या सुट्टीचा निम्मा वेळ विहिरीवरच जायचा. पण 'काही झालं नाही' हे सांगायला जे उरले त्यांचीच साक्ष आपण ऐकतो. आणि प्रत्येक गावात एक विहीर अशी असतेच, जिच्याबद्दल 'पोरगा पट्टीचा पोहणारा होता, कसा बुडाला कळलं नाही, विहिरीनं ओढला' असं म्हणतात. त्यातल्या प्रत्येकाचं कारण मी इथे बसून सांगू शकत नाही. पण चांगला पोहणारा, आवाज न करता, पैजेच्या वेळी, हे वर्णन मला डॉक्टर झाल्यावर फार ओळखीचं वाटायला लागलं.

आता तळाची ओळ. 'रात्रीची पार्टी पाण्यात उतरवू.'

दारू पाण्यात उतरत नाही. ती यकृतातून उतरते, स्वतःच्या वेगाने. गार पाण्याने तो वेग वाढत नाही, फक्त जाग येते. सणासुदीच्या पिण्यानंतर एरवी ठणठणीत माणसांच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात हे डॉक्टरांनी इतक्यांदा पाहिलं की १९७८ मध्ये फिलिप एटिंगर आणि सहकाऱ्यांनी त्याला नावच दिलं, 'हॉलिडे हार्ट'. बहुतेक वेळा तो एट्रियल फिब्रिलेशन नावाचा प्रकार असतो. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी थरथरतात, छातीत फडफड होते, दम लागतो, कधी चक्कर येते. घरी सोफ्यावर चक्कर येणं आणि सहाव्या लेंथच्या मध्यावर येणं यात फरक आहे.

त्यात पाण्याचा स्वतःचा परिणाम मिसळा. गळ्यापर्यंत पाण्यात गेलात की पाण्याच्या दाबाने पायांतलं आणि पोटातलं अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे ढकललं जातं. हृदयाला जास्त भरलेला पंप ओढावा लागतो. जानेवारीतल्या सकाळी पाणी गार असतं. अंगाला गारवा झोंबला की हृदय धावायला लागतं आणि त्याच वेळी तोंड पाण्यात जाऊन श्वास रोखला की शरीराची दुसरी प्रतिक्रिया हृदयाला मंद करू पाहते. एकाच घोड्याला चाबूक आणि लगाम एकदम. तरुण, निरोगी हृदय हे सहसा निभावून नेतं. रात्रभर जागलेलं, कोरडं पडलेलं, आधीच बीपी असलेलं हृदय निभावेलच याची हमी मी देणार नाही.

सणांचा आणि हृदयाचा संबंध मी भीती घालायला जोडत नाही. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या २ लाख ८० हजारांहून जास्त हार्ट अटॅकच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नाताळच्या आदल्या दिवशी धोका ३७ टक्क्यांनी जास्त दिसला. स्वीडनचा हिवाळा आणि मीरा रोडचा हिवाळा यांची तुलना नको, तो आकडा जसाच्या तसा इथे लावूही नका. पण जागरण, जेवण, दारू आणि दगदग ही मंडळी सगळीकडे सारखीच.

मधुमेह असणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, रात्री दारू घेतली असेल आणि सकाळी उपाशीपोटी पोहायला गेलात, तर साखर एकदम घसरू शकते. दारू चालू असताना यकृत साखर पुरवायचं काम टाळतं. घाम, थरथर ही साखर उतरल्याची लक्षणं पाण्यात कळतही नाहीत. ज्यांनी आदल्या रात्री घेतली आहे त्यांनी १ तारखेला सकाळी काठावर बसून टाळ्या वाजवाव्यात. मिरगी असलेल्यांनी, आणि ज्यांच्या घरात कुणी तरुण वयात अचानक किंवा पोहताना गेलं आहे त्यांनी, तर एरवीही डॉक्टरांशी बोलल्याशिवाय असल्या शर्यतीत उतरू नये. हृदयाच्या विद्युत लहरींचा एक आनुवंशिक दोष असतो, त्यात ठोके बिघडायला पोहणं हेच निमित्त होतं. साध्या ईसीजीत त्याचा सुगावा बऱ्याचदा लागतो.

आता सोसायटीच्या कमिटीला दोन शब्द. १ जानेवारीला सकाळी सातला तुमचा जीवरक्षक कामावर असतो का? की पूल बॉयलाच शिट्टी देऊन उभं करता? आणि असला तरी एक अडचण राहतेच. जीवरक्षकाचं लक्ष असतं धडपडणाऱ्या माणसाकडे. इथे बुडणारा माणूस धडपडत नाही. श्वास रोखण्याची शर्यत चालू आहे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तळाशी निश्चल दिसणाऱ्याकडे बघून लोक म्हणतात, "वा, काय दम आहे!" आणि मोबाईलवर व्हिडिओ काढत राहतात. ऑक्सिजन आधीच संपलेला असल्याने अशा वेळी मेंदूला मिळणारी सवलत नेहमीच्या बुडण्यापेक्षाही कमी असते.

कुणी बेशुद्ध बाहेर काढलाच तर पोट दाबू नका, पाय धरून उलटं करू नका, पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या आणि मग छाती दाबणं सुरू करा, दोन्ही आलटून पालटून. नुसती छाती दाबायचा जो व्हिडिओ सगळीकडे फिरतो तो अचानक हृदय थांबून कोसळलेल्यांसाठी ठीक आहे. बुडालेल्याला आधी हवा हवी असते. एकाने तेवढ्यात १०८ ला फोन करावा. शुद्धीवर आला, "मला काही झालं नाही" म्हणाला, तरी त्याला हॉस्पिटलमध्ये न्या. फुप्फुसात गेलेलं पाणी पुढच्या काही तासांत त्रास देऊ शकतं.

"मग मजा काय राहिली?" असं विचारणाऱ्यांनी मालवणला जाऊन यावं. चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. लहान मुलांपासून ज्येष्ठांपर्यंत सगळे उतरतात, वयोगटाप्रमाणे अंतरं ठेवलेली असतात आणि सुट्टीची जत्राच असते ती. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं हे तिथे कुणी मोजत नाही.

माझ्या पेशंटना मी ग्रँड फिनालेला पर्यायही सुचवला. चौघांची रिले. प्रत्येकाने सांताची टोपी डोक्यावर घालून एक लेंथ पोहायची आणि भिंतीपाशी पुढच्याच्या डोक्यावर ती चढवायची. ज्या संघाची टोपी शेवटी सगळ्यात कोरडी, त्याला केक. टोपी कोरडी ठेवायची तर मान वर ठेवून, गावाकडच्या पद्धतीने पोहावं लागतं, आणि मान वर असली की श्वास आपोआप चालू राहतो. ज्यांना मानेचा त्रास आहे त्यांनी किकबोर्ड पोटाशी धरून उताणं पोहावं. वेगवान माणूस इथे हमखास हरतो, कारण तो पाणी उडवतो. बारा फेऱ्या आहेत तशाच राहू द्या. फक्त ज्यांना १२ जमत नाहीत त्यांना ६ वर थांबायची मुभा पोस्टरवरच लिहा, म्हणजे कुणाला मधेच बाहेर पडताना ओशाळं वाटणार नाही. वेळ सातऐवजी नऊ करा. ऊन आलेलं असेल, झोप झालेली असेल आणि पोटात काहीतरी गेलेलं असेल.

ते हसले. प्रशिक्षकांशी बोलतो म्हणाले. मग दारातून परत फिरले, गोळीचं राहिलंच होतं.

गोळी रोजच्याच वेळी, रोजच्यासारखीच घ्यायची. सुट्टी असली तरी. पाण्यातून बाहेर येताना शिडीवर क्षणभर थांबायचं, कारण पाण्याचा दाब सुटला की बीपी एकदम उतरतं आणि गोळी चालू असणाऱ्यांना भोवळ येऊ शकते.